आगाखान पॅलेसमधल्या डॉक्टरीणबाई : डॉ. सुशीला नायर, दवाखाना ते दिल्ली

येरवड्याची_डॉक्टर

नमस्कार. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज सविस्तर लिहिते.

मी येरवड्यात सव्वीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. एका महापालिका निवडणुकीच्या आधी ओपीडी संपता संपता तीन माणसं येऊन बाकावर बसली. मला वाटलं पेशंट आहेत. म्हणाले, "मॅडम, वॉर्डात तुमचं नाव आहे, उभ्या राहा." मी नाही म्हटलं. घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस. डॉक्टरने आपलं काम करावं." त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं नाही आणि माझा नकार मला आजही पटलेला नाही. तेव्हापासून मी एका डॉक्टरबद्दल मिळेल ते वाचते आहे. या बाई माझ्या दवाखान्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एकवीस महिने कैदेत होत्या आणि पुढे देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या.

डॉ. सुशीला नायर. पुण्यात हे नाव काढलं की "गांधीजींच्या सोबत असायच्या त्या ना?" इतकंच ऐकू येतं. जन्म १९१४ चा, पंजाबातल्या कुंजाह गावचा, आता पाकिस्तानात. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस आणि एमडी. थोरले भाऊ प्यारेलाल हे गांधीजींचे सचिव, त्यामुळे सेवाग्रामला येणं-जाणं. १९३९ पासून तिथेच राहिल्या आणि वर्ध्याकडे कॉलऱ्याची साथ आली तेव्हा ती जवळपास एकटीने हाताळली.

आता पुणे. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे गांधीजींना मुंबईत पकडलं. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत कस्तुरबा बोलणार होत्या, म्हणून त्यांनाही पकडलं आणि सोबत सुशीलाबाईंना. दोन दिवसांनी दोघींना पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये आणलं, गांधीजींना तिथेच कैदेत ठेवलं होतं. सुशीलाबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या. १५ ऑगस्टला सकाळी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई अचानक कोसळले. वय पन्नास. सुशीलाबाईंना हाक मारली, त्या धावत आल्या, हाताशी होतं तेवढं सगळं केलं. महादेवभाई गेले. येऊन आठवडाही झाला नव्हता.

पुढच्या वर्षी १० फेब्रुवारीपासून गांधीजींचं एकवीस दिवसांचं उपोषण. प्रकृतीचं पत्रक निघायचं त्यावर सहा डॉक्टरांच्या सह्या असत : सरकारचे तीन, कलकत्त्याहून आलेले डॉ. बिधनचंद्र रॉय, मुंबईचे डॉ. गिल्डर आणि सुशीलाबाई. या प्रसंगाकडे मी डॉक्टर म्हणून बघते. सहाही जणांना लघवी, नाडी, रक्तदाब एकच दिसत होतं. पण पत्रकातल्या एकेका शब्दाकडे सगळ्या देशाचं आणि लंडनचं लक्ष होतं. "प्रकृती चिंताजनक" असं लिहिणं हीसुद्धा राजकीय गोष्ट होती. वैद्यकीय मत आणि राजकारण यांच्यात भिंत नसते हे त्यांना तिथे नक्की उमगलं असणार.

मग बा, म्हणजे कस्तुरबा. आधीच जुनाट खोकला, डिसेंबर १९४३ मध्ये हृदयविकाराचे झटके, नंतर मूत्रपिंडं थकत गेली. इथून पुढचं वाचताना माझा जीव वरखाली होतो. बांना कोण तपासणार, रात्री उशाशी कोण बसणार, कुठला वैद्य येणार, या प्रत्येक गोष्टीला सरकारची परवानगी लागायची. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. जयप्रकाश नारायणांच्या पत्नी प्रभावतीदेवींना सोबतीला आणायला जानेवारी उजाडला. वैद्य शिव शर्मा आले, त्यांना दिवसा आत येता यायचं पण रात्री राहायची परवानगी नाही, म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत झोपायचे. आत पेशंट तळमळतोय आणि बाहेर नगर रोडवर वैद्य गाडीत आडवा झालाय, परवानगीचा कागद येत नाही म्हणून. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी बा गेल्या.

इथेच या डॉक्टरचं राजकारण सुरू झालं असं मला वाटतं. निवडणूक पुढे आठ वर्षांनी लढल्या, पण औषध आपल्या हातात असतं आणि ते पेशंटपर्यंत पोचू द्यायचं की नाही हे भलत्याच्या टेबलावर ठरतं, ही गोष्ट त्यांनी या बंगल्यात भोगली.

पुढचं थोडक्यात. सुटका झाल्यावर सेवाग्रामला लहानसा दवाखाना, त्याचंच कस्तुरबा रुग्णालय झालं. फाळणीच्या आधी दंगलीतलं नोआखाली, मग पंजाबात निर्वासितांच्या छावण्या. ३० जानेवारी १९४८ ला त्या दिल्लीत नव्हत्या, गांधीजींनीच त्यांना बहावलपूरला पाठवलं होतं. त्यानंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, परतल्यावर फरिदाबादला क्षयरोग्यांसाठी काम. १९५२ मध्ये दिल्ली विधानसभेवर निवडून येऊन तिथल्या आरोग्यमंत्री, नंतर त्याच विधानसभेच्या अध्यक्ष. १९५७ पासून झाशीच्या खासदार. १९६२ ते ६७ केंद्रीय आरोग्यमंत्री. आधीच्या राजकुमारी अमृत कौर आणि द. प. करमरकर हे दोघेही डॉक्टर नव्हते. १९६९ मध्ये सेवाग्रामला मेडिकल कॉलेज. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या लाटेत पुन्हा झाशीतून लोकसभा, मग राजकारण सोडून कायमचं सेवाग्राम. ३ जानेवारी २००१ ला गेल्या.

माझा प्रश्न सरळ आहे. डॉक्टरने राजकारणात जावं का? आणि गेल्यावर तो डॉक्टर राहतो का?

जुनापेठकर

लेख वाचून गलबलून आलं. एक पुणेरी भर घालतो. बांच्या आजारात ज्यांना बोलवा म्हणून गांधीजी मागे लागले होते त्यात आपल्या पुण्याचे डॉ. दिनशा मेहता होते. स्टेशनजवळ ताडीवाला रोडवर त्यांचं निसर्गोपचाराचं केंद्र. सुटकेनंतर गांधीजी तिथे येऊन राहायचे, तीच जागा आता बापू भवन. वडील रेल्वेत होते, आम्ही लहानपणी तिथे मातीचे लेप घ्यायला जायचो. थंडगार मातीची पट्टी पोटावर ठेवून अर्धा तास छताकडे बघत पडायचं. तिथल्या बागेत बसलं की स्टेशनचा गलका ऐकू येत नसे. आगाखान पॅलेस ते ताडीवाला रोड अंतर किती? फार तर पाच-सहा किलोमीटर. तेवढं अंतर कापायला परवानगीचे कागद फिरत राहिले.

कॅम्पातला

@येरवड्याची_डॉक्टर, त्या सहा सह्यांमधल्या बाकीच्या दोघांबद्दल लिहायलाच हवं. डॉ. गिल्डर हे मुंबईचे नामवंत हृदयरोगतज्ज्ञ, आणि १९३७ च्या मंत्रिमंडळात मुंबई इलाख्याचे आरोग्यमंत्री. म्हणजे माजी मंत्री येरवड्याच्या तुरुंगात होता, तिथून पॅलेसमध्ये आणला गेला. डॉ. रॉय पुढे १९४८ पासून मरेपर्यंत बंगालचे मुख्यमंत्री. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आणि मृत्युदिवसही, त्या दिवशी आपण डॉक्टर्स डे पाळतो. मुख्यमंत्री असतानाही ते रोज सकाळी घरी पेशंट तपासायचे, फुकट. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे एक उत्तर. त्यांनी स्टेथोस्कोप ठेवलाच नाही.

बांना बघायला डॉ. जीवराज मेहतासुद्धा आले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डीन, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. एका बंगल्यात चार डॉक्टर आणि चौघेही सत्तेत गेले. या चौघांची नावं एकत्र वाचायला मिळतील अशी पाटी पॅलेसमध्ये हवी.

नदीकाठ

पेनिसिलिनचं तुम्ही लिहिलं नाहीत. बांचा मुलगा देवदास गांधींनी ते कलकत्त्याहून विमानाने मागवलं होतं. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. डॉक्टर म्हणून सुशीलाबाईंनी तिथे आग्रह धरायला नको होता का? माझी आई न्यूमोनियाने गेली. औषध समोर असताना ते न देणं मला समजूच शकत नाही.

येरवड्याची_डॉक्टर

@नदीकाठ, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. मुद्दाम टाळलं नव्हतं, पण लिहायला हवं होतं हे खरं.

माझं मत सांगते. बांचं हृदय आणि मूत्रपिंडं दोन्ही जवाब देऊन चुकली होती. फुप्फुसातला जंतुसंसर्ग हा शेवटचा घाला होता, मूळ आजार नव्हता. पेनिसिलिनने थोडे तास, कदाचित दिवस मिळाले असते. मी स्वतः अशा पेशंटच्या घरी गेले आहे. मुलगा म्हणतो अजून एक इंजेक्शन द्या, नवरा म्हणतो तिला आता त्रास नको. दोघंही तिच्यावर जीव टाकणारे असतात. डॉक्टरने अशा वेळी औषधाने काय होईल आणि काय होणार नाही ते स्वच्छ सांगावं, हट्ट धरू नये. देवदासभाईंचा आग्रह मला मुलाचा म्हणून पूर्ण समजतो. गांधीजींचा नकारही समजतो. मात्र वैद्याला रात्री फाटकाबाहेर ठेवणं समजत नाही, कारण त्यात माया कुणाचीच नव्हती.

संख्यावाचक

लेख आवडला, पण सगळे नुसते भारावून जाऊ नका. तुम्ही मंत्रिपदाची पाच वर्षं एका ओळीत उरकलीत. राजकारणी म्हणून त्यांचं मोजमाप तिथेच व्हायला हवं.

मलेरिया घ्या. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असा अंदाज होता. १९६५ पर्यंत ते एक लाखावर आले. हे त्यांच्या कारकिर्दीतलं, पण मोहीम सुरू झाली १९५३ मध्ये आणि निर्मूलनाचा कार्यक्रम १९५८ मध्ये, म्हणजे आधीच्या दोघांच्या काळात. त्यांच्या काळातलं खरं काम होतं ते पुढचं. फवारणी थांबल्यावर गावोगाव लक्ष कोण ठेवणार? १९६३ च्या चढ्ढा समितीने सांगितलं की दर १०,००० लोकांमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमा, तो घरोघर जाऊन तापाचे रुग्ण शोधेल, जन्ममृत्यूची नोंद ठेवेल आणि कुटुंबनियोजनाचंही बघेल. कल्पना उत्तम. पण एका माणसाच्या डोक्यावर इतकी कामं दिली की एकही धड होईना, आणि दोन वर्षांत मुखर्जी समितीला सांगावं लागलं की कुटुंबनियोजन वेगळं काढा. खालची आरोग्यव्यवस्था कच्ची राहिली. १९७६ मध्ये मलेरियाचे रुग्ण ६४ लाख.

दुसरं, कुटुंबनियोजन. त्या गांधीवादी, संयमावर भर देणाऱ्या. १९६५ मध्ये लूपचा (गर्भाशयात बसवायच्या गर्भनिरोधकाचा) कार्यक्रम त्यांच्याच खात्याने सुरू केला, मनापासून केला का याबद्दल मला शंका आहे. मंत्र्याची श्रद्धा आणि खात्याची गरज वेगळ्या दिशेला असतील तर भोगतात बायका.

येरवड्याची_डॉक्टर

@संख्यावाचक, बरोबर पकडलंत. मलेरियाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. लूपबद्दल शंका घेऊ शकता, पण स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध जाणारा कार्यक्रम त्यांनी अडवला नाही हेही धरा. गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला शांतिलाल शहा समिती १९६४ मध्ये नेमली गेली, तेव्हाही खातं त्यांच्याकडेच होतं. त्याच अहवालावरून १९७१ चा कायदा झाला. माझ्या ओपीडीत येणाऱ्या कितीतरी मुलींचा जीव त्या कायद्याने वाचवला आहे.

एका कार्यकर्त्याच्या डोक्यावर सगळा भार टाकायचा हे आजही तसंच चाललंय. आमच्या भागातल्या आशाताईंची वही एकदा बघा.

झाशीवाली

माहेर झाशीचं, आता कोथरूडमध्ये. झाशीत नेवाळकरांच्या, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंच्या सासरच्या घराण्याच्या, काळापासून राहिलेली आमची मराठी घरं आहेत, घरात अजून मराठी बोलतात, थोडी हिंदी वळणाची. आजी सांगायची की पहिल्यांदा मत मागायला आलेल्या बाई डॉक्टर आहेत म्हटल्यावर गल्लीतल्या बायका आपली दुखणी सांगायला पुढे आल्या. आजोबा काँग्रेसवाले, १९७७ मध्ये त्याच बाई समोरच्या पक्षाकडून आल्या तेव्हा आजोबांनी घरात कुणाशीही त्याबद्दल बोलायला मनाई केली होती. आजीने मत कुणाला दिलं ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. झाशीचं मेडिकल कॉलेज १९६८ चं, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचं. माझा जन्म तिथलाच.

सेवाग्राम८७

राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितो आहे. मी सेवाग्रामचा विद्यार्थी, आता पुण्यात बालरोगतज्ज्ञ. आम्ही त्यांना बडी बहेनजी म्हणायचो. आम्ही पाहिलं तेव्हा सत्तरी ओलांडली होती, पांढरी खादी, ताठ कणा.

तिथे आमच्या वेळी प्रवेशपरीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या सोबत गांधीविचारांचा पेपर असायचा. प्रवेश मिळाल्यावर पहिले पंधरा दिवस कॉलेजात पाऊल नाही, आश्रमात राहायचं. पहाटे प्रार्थना, सूतकताई, झाडलोट, संडास साफ करणं. मी नाशिकच्या खात्यापित्या घरचा, तिसऱ्या दिवशी घरी पत्र लिहिलं की मला न्यायला या. वडील आले नाहीत याबद्दल आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

मग प्रत्येक बॅचला एक गाव. पंधरा दिवस तिथे मुक्काम, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं, आणि नंतर दर महिन्याला त्याच घरांत जायचं. माझ्या वाट्याच्या एका घरात एक म्हातारी होती. एका महिन्यात परीक्षेमुळे गेलो नाही, तर पुढच्या खेपेला दारातच अडवलं. "का जी डाक्टर, मांगच्या महिन्यात आले नाई तुम्ही. नातू हगवणीनं वाळून गेला आमचा." पोराला मांडीवर घेतलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. पुस्तकात वाचलेली खूण पहिल्यांदा बोटांना कळली ती त्या ओसरीवर. मीठ-साखरेचं पाणी करून वाटी-चमच्याने मी आणि म्हातारीने रात्रभर पाजलं. पोरगा जगला. मी बालरोगतज्ज्ञ झालो तो त्या रात्रीमुळे.

सुगी झाली की गावातले लोक आरोग्यविम्याची वर्गणी ज्वारीत भरायचे, ज्याची जेवढी ऐपत तेवढी. पोती मोजून घ्यायची. त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचार. रोख पैसा हातात नसलेल्या माणसाला दवाखान्यात मान वर करून यायला ती ज्वारी पुरायची.

@संख्यावाचक, तुमचा हिशेब मी खोडत नाही. एक वेगळी गोष्ट सांगतो. कॉलेजमागची कस्तुरबा हेल्थ सोसायटी १९६४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे बहेनजी मंत्री असताना. ग्रामीण भागात मेडिकल कॉलेज काढा असं पंतप्रधान लालबहादूर शास्त्रीजींनी सुचवलं होतं. दिल्लीत बसून जे खालपर्यंत पोचत नव्हतं ते एका गावात करून दाखवावं, असं त्यांनी ठरवलं असेल. आमच्यातले बरेच शहरात आले, मीही आलो, ते मनाला लागतंच. पण गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत राहिलेलेही आहेत.

जुनापेठकर

@सेवाग्राम८७, हे वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला एकीकडे सेवाग्रामचं कॉलेज सुरू झालं आणि त्याच वर्षी आगाखानांनी पॅलेस देशाला दिला. जिथे बा गेल्या ती जागा आणि बांच्या नावाच्या रुग्णालयाचं कॉलेज, एकाच वर्षी लोकांचं झालं. हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एमबीबीएस_तिसरं_वर्ष

ससूनच्या शेजारी शिकते. होस्टेलमध्ये राजकारणाचा विषय निघाला की सगळे म्हणतात आधी पीजी, मग बघू. मॅडम, तुम्ही नाही का म्हणालात? खरंच विचारतेय. तुमच्यासारख्यांनी नाही म्हटलं तर आम्ही कुणाकडे बघायचं?

येरवड्याची_डॉक्टर

@एमबीबीएस_तिसरं_वर्ष, विचारलंस ते बरं केलंस.

भीती वाटली. पक्षाचा पट्टा गळ्यात घातला की निम्मे पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जातील, ही पहिली भीती. दुसरी जास्त खरी आहे. आमच्या मागच्या वस्तीत पिण्याच्या पाण्याची लाईन गटाराला लागून जाते. दर पावसाळ्यात जून संपला की जुलाब, कावीळ, टायफॉइड सुरू. एका घरातून सकाळी आई येते, दुपारी मुलगा, रात्री आजोबा. मी सलाईन लावते, गोळ्या देते, पाणी उकळून प्या सांगते. गॅस परवडत नाही त्यांना उकळायला, हे मला माहीत असतं. लाईन बदला म्हणून मी तीन वेळा लेखी अर्ज दिले. एकदा उत्तर आलं, विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. निवडून आले असते आणि तरीही ती लाईन बदलता आली नसती, तर पेशंटला तोंड कसं दाखवलं असतं? म्हणून नाही म्हटलं.

आता बांच्या आजारपणातले ते अर्ज आणि स्मरणपत्रं वाचली की माझे तीन अर्ज फार कमी वाटतात. सव्वीस वर्षांची ओपीडीची रजिस्टरं माळ्यावर आहेत. नाव, वय, गल्ली, तक्रार, सगळं लिहिलेलं. गल्लीनुसार जुलाबाचे पेशंट वेगळे काढले तर लाईन कुठे फुटली आहे ते कागदावर दिसेल. सार्वजनिक आरोग्य शिकलेली माणसं हेच करतात, मी सव्वीस वर्षांत केलं नाही. या पावसाळ्याआधी करायचं ठरवलंय. उभं राहायचं की नाही ते त्यानंतर.

संख्यावाचक

मॅडम, रजिस्टरं काढा. नावं झाकून फक्त गल्ली, महिना आणि तक्रार एवढंच एक्सेलमध्ये भरायचं. निवृत्त आहे, वेळ आहे. पहिल्या पाच वर्षांचं मी भरतो.

सेवाग्राम८७

लहान मुलांच्या नोंदी मी बघतो, पाच वर्षांखालच्या वेगळ्या काढायला हव्यात. रविवारी दुपारनंतर मोकळा असतो.

एमबीबीएस_तिसरं_वर्ष

आम्ही चौघी येऊ. पीएसएमच्या (समाजवैद्यकाच्या) प्रोजेक्टला हेच घेता येईल का, सरांना विचारते.

येरवड्याची_डॉक्टर

या सगळे. रविवारी तीन वाजता. दवाखान्याचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. माळा उंच आहे, कुणीतरी शिडी धरायला लागेल.